संमतिवय आणि संमति

न बोलणें म्हणजे कबूल असणें, अशा अर्थाचें एक संस्कृत वचन मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या सहज वापरलें जातें. पंगतींत वाढणाऱ्यानें विचारलें आणि पाहुणा गप्प राहिला, तर त्याच्या पानावर आणखी एक पोळी पडते. सभेंत ठरावास कोणी विरोध केला नाहीं, तर तो मंजूर झाला असें धरलें जातें. अशा ठिकाणीं मौनाचा हा अर्थ लावल्यानें कोणाचें फारसें नुकसान होत नाहीं. परंतु हाच नियम स्त्रीच्या शरीराविषयीं लावला गेला, तेव्हां त्याची किंमत कोणीं दिली, आणि तो नियम तेथें खोटा आहे हें कायद्याच्या पुस्तकांत लिहिलें जाण्यास किती काळ लागला, हा या देशाच्या सामाजिक इतिहासांतील एक मोठा आणि महाराष्ट्राशीं निकट संबंध असलेला अध्याय आहे.

या इतिहासांत दोन प्रश्न आरंभापासून एकमेकांत गुंतलेले दिसतात. संमति देण्यास कोण समर्थ आहे, हा पहिला प्रश्न. आणि संमति दिली म्हणजे नेमकें काय घडलें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर आंकड्यानें देतां येतें. दुसऱ्याचें तसें देतां येत नाहीं. म्हणूनच कायद्यानें पहिला प्रश्न आधीं हातीं घेतला आणि दुसरा पुष्कळ काळ तसाच राहूं दिला.

मेकॉलेच्या आयोगानें १८३७ सालीं तयार केलेल्या मसुद्यावरून पुढें १८६० सालीं हिंदी दंडसंहिता मंजूर झाली. तिच्या ३७५ व्या कलमांत बलात्काराच्या गुन्ह्याची व्याख्या होती. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीवांचून, किंवा मृत्यूचें अथवा दुखापतीचें भय घालून मिळविलेल्या संमतीनें केलेला संभोग हा गुन्हा होय, असें तें कलम सांगत होतें. आपण तिचा पति आहों अशी खोटी समजूत करून देऊन मिळविलेली संमतिहि त्यांत धरली जात नसे. मुलगी दहा वर्षांच्या आंतील असेल, तर तिच्या संमतीचा प्रश्नच उरत नव्हता. त्याच संहितेच्या ९० व्या कलमांत भीतीनें, गैरसमजुतीनें, वेडाच्या भरांत किंवा नशेंत दिलेली संमति ही संमति नव्हे, असें म्हटलें होतें. ही योजना बारकाईनें पाहिली असतां एक गोष्ट ध्यानांत येते. संमति काय नव्हे, हें संहितेनें सांगितलें. संमति म्हणजे काय, हें सांगितलें नाहीं. ती जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेंत नेहमींप्रमाणें रूढीच येऊन बसली.

याच कलमाला एक अपवाद जोडलेला होता. पत्नी दहा वर्षांच्या आंतील नसेल, तर पतीनें तिच्याशीं केलेला संभोग हा बलात्कार नव्हे. या अपवादाचें मूळ इंग्रजी कायद्यांत होतें. सतराव्या शतकांतील इंग्रज न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७३६ सालीं प्रसिद्ध झाला. विवाहाच्या वेळीं स्त्रीनें एकदां संमति दिली कीं ती तिला परत घेतां येत नाहीं, असें मत त्यांत मांडलें होतें. इंग्लंडांतील वधू निदान लग्नाच्या वेदीपुढें उभी राहून आपल्या तोंडानें होकार देत असे. ज्या देशांत आठ-नऊ वर्षांच्या मुलीचें लग्न वडीलधाऱ्यांनीं ठरवावें अशी चाल होती, त्या देशांत हा नियम जसाच्या तसा लागू झाला. म्हणजे जी संमति कधीं दिलीच नव्हती, तीच कायमची झाली.

या विसंगतीला पहिलें उघड आव्हान मुंबईच्या एका तरुण स्त्रीनें दिलें. रखमाबाई यांचा जन्म १८६४ सालचा. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. परंतु त्या सासरीं नांदावयास कधींच गेल्या नाहींत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं त्या वाढल्या आणि तेथेंच त्यांना वाचनाची गोडी लागली. १८८४ सालीं दादाजींनीं मुंबई हायकोर्टांत, पत्नीनें आपल्याकडे नांदावयास यावें असा दावा लावला. रखमाबाईंचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, जें लग्न समजण्याचें वय नसतांना लावलें गेलें आणि ज्याला आपण कधीं रुकार दिला नाहीं, त्याच्या बळावर आपणांस एका पुरुषाच्या घरीं राहावयास भाग पाडतां येणार नाहीं.

१८८५ सालच्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं निकाल रखमाबाईंच्या बाजूनें दिला. जें सहजीवन कधीं सुरूच झालें नाहीं, तें पुन्हां सुरू करण्याचा हुकूम कसा द्यावयाचा, असा त्यांचा एक मुद्दा होता; आणि एखाद्या स्त्रीला नावडत्या पुरुषाच्या स्वाधीन तिच्या मर्जीविरुद्ध करणें हें क्रौर्य होय, हा दुसरा. अपिलांत हा निकाल टिकला नाहीं. १८८७ सालच्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं, रखमाबाईंनीं नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम केला. आपण तुरुंग पत्करूं, असें रखमाबाईंचें उत्तर होतें. वर्तमानपत्रांत मोठा गहजब झाला. केसरीसारख्या पत्रांनीं त्यांच्यावर कडक टीका केली. सुधारकांनीं त्यांची बाजू घेतली. अखेरीस १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि तुरुंगवास टळला. पुढें रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घ काळ रुग्णसेवा केली. त्यांच्या नकाराचें फळ कायद्याच्या पुस्तकांत यावयास मात्र बराच अवधि लागला. नांदावयास न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगांत घालण्याची तरतूद १९२३ सालीं काढून टाकण्यांत आली.

रखमाबाईंचा खटला हा संमतीचा खटला होता. परंतु त्यानंतर जी चळवळ उभी राहिली, ती वयाची होती. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ सालींच बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविषयीं टिपणें प्रसिद्ध करून सरकारला व समाजाला जागें करण्याचा यत्न आरंभिला होता. त्यांच्या प्रयत्नाला बळ आलें तें एका मृत्यूमुळें. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाची एक मुलगी, जिला बारावें वर्षहि पुरें झालें नव्हतें, पतीच्या संभोगामुळें झालेल्या जखमांनीं मरण पावली. तिचा पति हरिमोहन मैती सुमारें पस्तीस वर्षांचा होता. तिला दहा वर्षें पुरीं झालीं असल्यामुळें दंडसंहितेच्या दृष्टीनें हा बलात्कार ठरत नव्हता. अविचारानें जबर दुखापत केल्याबद्दल पतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. अशाच जखमी मुलींवर उपचार केलेल्या स्त्री-डॉक्टरांनीं आपले अनुभव नमूद करून व्हाइसरॉयकडे अर्ज पाठविला.

सर अँड्र्यू स्कोबल यांनीं १८९१ सालच्या जानेवारींत कायदे कौन्सिलापुढें बिल आणलें आणि १९ मार्च रोजीं तें मंजूर झालें. दहाच्या जागीं बारा, एवढाच काय तो फरक होता. विवाहित व अविवाहित दोघींनाहि तो लागू होता. महाराष्ट्रांत हाच कायदा संमतिवयाचा कायदा म्हणून ओळखला जाऊं लागला. त्यावरून पुण्यांत जें रण माजलें, त्याची आठवण पुढें कित्येक वर्षें राहिली. प्रथम ऋतुप्राप्तीनंतर लागलीच गर्भाधान झालें पाहिजे, म्हणून हा कायदा धर्मांत हात घालतो, असें विरोधकांचें म्हणणें होतें. डॉ. रामकृष्णपंत भांडारकर यांनीं धर्मशास्त्रांतील आधार काढून, असें कोणतेंहि अपरिहार्य बंधन नाहीं, असें दाखविलें. न्यायमूर्ति रानडे व आगरकर यांनीं कायद्याचा पुरस्कार केला. लोकमान्य टिळकांनीं केसरींतून त्याला कसून विरोध केला.

टिळकांच्या विरोधाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. मुलींचीं लग्नें सोळा वर्षांच्या आंत करूं नयेत, असा समावेश असलेली एक प्रतिज्ञा त्यांनींच १८९० सालीं सुधारकांपुढें ठेविली होती. सुधारणा पाहिजे तर ती लोकांनीं आपल्या आचरणानें करावी, परक्या सरकारच्या हातांत घराची किल्ली देऊं नये, असा त्यांचा आग्रह होता. पारतंत्र्याच्या काळांत या आग्रहाला वजन होतें, हें नाकारतां येत नाहीं. तथापि आपखुषीच्या सुधारणेची वाट पाहण्याइतका वेळ फुलमणीसारख्या मुलींना मिळत नव्हता, हेंहि तितकेंच खरें होतें.

या सर्व वादांत शास्त्र काय म्हणतें हें पाहिलें गेलें, सरकारचा अधिकार किती हें पाहिलें गेलें, वैद्यक काय सांगतें हेंहि पाहिलें गेलें. मुलीची इच्छा काय, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत क्वचितच आला. ज्या कायद्याच्या नांवांतच संमति हा शब्द होता, त्याचा विवाहित मुलीपुरता परिणाम विलक्षण होता. बारा वर्षें पुरीं होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या होकाराला किंमत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या नकाराला नव्हती. कायदा तिच्या शरीराचें थोडेंबहुत रक्षण करीत होता, आणि तें रक्षण मोलाचें होतें. परंतु तिला तो कांहींच विचारीत नव्हता.

पुढील साठ वर्षें आंकडाच तेवढा हळूहळू वर सरकला. १९२५ सालीं ही मर्यादा विवाहांत तेरा व विवाहाबाहेर चौदा झाली. १९२८ सालीं सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं संमतिवय समिति नेमली गेली. तिनें देशभर साक्षी घेतल्या, तेव्हां असें आढळून आलें कीं १८९१ चा कायदा बहुसंख्य लोकांना ठाऊकच नव्हता. घराच्या आंत घडणारा गुन्हा, फिर्याद देणारें कोणी नाहीं, आणि मुलीच्या वयाचा दाखला नाहीं, अशी स्थिति होती. वयाची मर्यादा घालून भागत नाहीं, लग्नाचेंच वय ठरविलें पाहिजे, हा विचार त्यामुळें दृढ झाला. १९२९ सालीं शारदा कायदा मंजूर होऊन मुलीच्या विवाहाला चौदा व मुलाच्या विवाहाला अठरा वर्षांची मर्यादा घातली गेली. १ एप्रिल १९३० पासून तो अमलांत आला. १९४९ सालीं दंडसंहितेंतील मर्यादा विवाहांत पंधरा आणि विवाहाबाहेर सोळा झाली.

दुसरा प्रश्न, म्हणजे संमति कशाला म्हणावें हा, एवढ्या अवधींत तसाच राहिला होता. तो देशापुढें आला तोहि महाराष्ट्रांतूनच. १९७२ सालच्या मार्चमध्यें, तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें, एका आदिवासी मुलीला रात्रीच्या वेळीं पोलिस ठाण्यावर थांबवून घेण्यांत आलें. तिचें वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होतें. ठाण्यांतील दोघां पोलिसांनीं आपल्यावर अत्याचार केला, अशी तिची फिर्याद होती. सेशन्स कोर्टानें १९७४ सालीं आरोपींना सोडून दिलें. १९७६ सालीं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानें हा निकाल फिरविला. असहाय होऊन शरण जाणें निराळें आणि संमति देणें निराळें, हा भेद त्या निकालाच्या मुळाशीं होता. १९७८ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां आरोपींना निर्दोष ठरविलें. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनें प्रतिकार केल्याचा पुरावा नव्हता; यावरून तिनें हें मुकाट्यानें मान्य केलें असलें पाहिजे, असा अर्थ काढला गेला. पंगतींतल्या पाहुण्याच्या मौनाचा जो अर्थ लावला जातो, तोच पोलिस ठाण्याच्या बंद दारामागील एका निराधार मुलीच्या मौनाचा लावण्यांत आला.

१९७९ सालच्या सप्टेंबरांत उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिलें. संमतींत शरणागति असूं शकते, परंतु प्रत्येक शरणागतींत संमति असते असें नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. पत्र हातोहात फिरलें. १९८० सालीं ठिकठिकाणच्या शहरांत स्त्रियांनीं मोर्चे काढले. १९८३ सालीं कायदा बदलला. पोलिस किंवा तत्सम अधिकारी यांच्या ताब्यांत असतांना संभोग झाला असल्याचें सिद्ध झालें आणि आपली संमति नव्हती असें स्त्रीनें सांगितलें, तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असा पुराव्याच्या कायद्यांत नवा नियम आला. पीडित स्त्रीचें नांव प्रसिद्ध करण्यासहि मनाई झाली. फिर्यादी स्त्रीचें चारित्र्य चांगलें नाहीं असें दाखवून तिची साक्ष पाडण्याची जी मुभा पुराव्याच्या जुन्या कायद्यांत होती, ती २००२ च्या दुरुस्तीनें गेली.

१८६० सालीं रिकामी राहिलेली जागा मात्र भरली ती २०१३ सालीं. दिल्लींतील डिसेंबर २०१२ च्या भीषण घटनेनंतर न्यायमूर्ति वर्मा यांची समिति नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर दंडसंहितेंत संमतीची व्याख्या प्रथमच घालण्यांत आली. संमति ही निःसंदिग्ध असली पाहिजे, स्वेच्छेची असली पाहिजे. ती शब्दांनीं, खुणेनें किंवा दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें व्यक्त झाली पाहिजे. आणि ती त्या विशिष्ट कृतीपुरती असली पाहिजे. केवळ स्त्रीनें अंगबळानें प्रतिकार केला नाहीं, एवढ्यावरून तिची संमति होती असें मानतां येणार नाहीं, असेंहि स्पष्ट करण्यांत आलें. या व्याख्येचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, एका गोष्टीला होकार म्हणजे सर्व गोष्टींना होकार नव्हे, कालचा होकार म्हणजे आजचा नव्हे, आणि भयानें गोठलेली स्त्री गप्प राहिली तर तें मौन होकारांत मोजतां येत नाहीं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तेव्हां ही व्याख्या तिच्या ६३ व्या कलमांत कायम राहिली.

वयाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं. २०१२ सालच्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानें, म्हणजे पॉक्सोनें, मर्यादा अठरा केली. त्यामुळें लहानांना मोठें संरक्षण मिळालें. परंतु सतरा वर्षांच्या मुलामुलींत परस्परांच्या इच्छेनें घडलेली गोष्टहि गुन्हा ठरूं लागली, आणि अशीं प्रकरणें न्यायालयांपुढें वारंवार आलीं. २०२३ सालीं विधि आयोगानें मर्यादा खालीं आणूं नये, परंतु सोळा ते अठरा या वयांतील प्रकरणांत शिक्षेविषयीं न्यायाधीशाला कांहीं विवेक वापरूं द्यावा, अशी शिफारस केली. आंकडा सोपा असतो, म्हणून तो पुरा पडतोच असें नाहीं.

हेल यांचा अपवादहि पुरता गेलेला नाहीं. खुद्द इंग्लंडांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९९१ सालीं, म्हणजे संमतिवयाच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, पत्नीची संमति कायमची गृहीत धरण्याचा नियम रद्दबातल ठरविला. भारतांत २०१७ सालीं सुप्रीम कोर्टानें अठरा वर्षांखालील पत्नीपुरता हा अपवाद लागू होणार नाहीं, असा निर्णय दिला. त्याहून मोठ्या पत्नीविषयीं वर्मा समितीनें अपवाद काढण्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाहीं. २०२२ सालीं दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींत या प्रश्नावर मतभेद झाला, आणि २०२३ च्या संहितेनेंहि अपवाद ठेविला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें लैंगिक छळाविरुद्ध पत्नीला दिवाणी स्वरूपाचें संरक्षण दिलें आहे. परंतु फौजदारी कायद्याच्या दृष्टीनें सज्ञान पत्नीचा नकार अद्याप बलात्काराच्या व्याख्येबाहेरच आहे.

अठराशें सत्त्याऐंशी सालीं मुंबईच्या न्यायालयापुढें रखमाबाई गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनीं नाहीं म्हटलें होतें, स्पष्ट शब्दांत आणि तुरुंगाची तयारी ठेवून. त्या वेळच्या कायद्याजवळ तो शब्द ऐकण्यास कानच नव्हते. फुलमणीला बोलतां येण्यासारखें वयच नव्हतें. देसाईगंजच्या मुलीला बोलण्याची सोय नव्हती. या तिघींच्या वेळच्या कायद्यांत आणि आजच्या कायद्यांत जें अंतर पडलें, तें एका साध्या गोष्टीचें आहे. स्त्रीनें विरोध केला कीं नाहीं, एवढेंच पूर्वी पाहिलें जाई. तिनें होकार दिला कीं नाहीं, हें आतां पाहावें लागतें. विचारण्याची आणि उत्तराची वाट पाहण्याची जबाबदारी त्यामुळें दुसऱ्या पक्षावर आली. कलमांत ही गोष्ट उतरण्यास दीडशें वर्षें लागलीं. घरांतील मुलांना ती शिकविण्यास मात्र कोणत्याहि कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. आणि न बोलणें म्हणजे कबूल असणें, हें वचन पंगतीपुरतेंच ठेवावें, हें त्या शिकवणुकीचें पहिलें वाक्य होऊं शकेल.